घरभरासाठी एकच जाहिरातरोधक डीएनएस सर्व्हर : जुना लॅपटॉप, डेबियन आणि पाय-होल

कृष्णाकाठ

गेल्या वर्षी बाबा फोनवर बातमी वाचत असताना अचानक पडदाभर एक जाहिरात आली. ‘तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरले आहेत’ असे तीत लाल अक्षरांत लिहिले होते आणि बाबांनी घाबरून खालचे बटण दाबून सफाई करणारे कुठलेसे अॅप उतरवून घेतले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला आठवडाभर सांगितली नाही, कारण आपल्याच हातून काहीतरी बिघडले असे त्यांना वाटत होते. छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या फोनची अशी भीती वाटावी, याचा मला फार राग आला आणि त्या रागातूनच हे काम सुरू झाले. काम पूर्ण व्हायला तीन रविवार लागले. त्यातला एकही रविवार सर्व्हर बसवण्यात गेला नाही, म्हणून जिथे वेळ गेला तेच इथे सविस्तर लिहितो.

आपण नाव टाकतो, पण यंत्राला आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली आणि १९८७ साली तिला जे रूप मिळाले, त्याच पायावर ती आजही उभी आहे. बातमीचे एक पान उघडले की फोन एकच नाव विचारून थांबत नाही. चित्रे साठवणारा सर्व्हर, जाहिराती पुरवणारी जाळी, वाचकाचा माग काढणाऱ्या कंपन्या, अशा कितीतरी नावांची चौकशी त्या एका पानासाठी होते. घरातल्या सगळ्या उपकरणांनी हे प्रश्न आपल्याच एका सर्व्हरला विचारावेत आणि जाहिरातवाल्यांच्या यादीतल्या नावांना त्याने ०.०.०.० असे पोकळ उत्तर द्यावे, एवढीच यामागची कल्पना आहे आणि पाय-होल ही प्रणाली तेच काम करते. जायला पत्ताच मिळाला नाही की जाहिरात उतरत नाही आणि डेटाही वाचतो. टीव्हीवर किंवा फोनच्या अॅपमध्ये ब्राउझरचे जोड-साधन बसवता येत नाही, तिथेही हा उपाय लागू पडतो.

यंत्र म्हणून मी जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली पडद्यावरच्या सजावटीशिवाय बसवली. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक वीज कमी खातो हे खरे, परंतु आमच्याकडे वीज केव्हाही जाते आणि लिहिणे चालू असताना वीज गेल्यामुळे माझी दोन मेमरी कार्डे आधीच निकामी झाली होती. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता इन्व्हर्टर. सरासरी १५ वॅट धरले तरी महिन्याला १०.८ युनिट होतात, तेवढा खर्च मला पटला. झाकण मिटल्यावर तो झोपी जाऊ नये म्हणून लॉगइनडी या सेवेच्या फाइलमध्ये झाकणाच्या कळीकडे दुर्लक्ष करण्याची सूचना लिहावी लागते. सतत चार्जरवर असलेली बॅटरी फुगू शकते, त्यामुळे शक्य असेल तिथे चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवावी. हे दुर्लक्षून चालणार नाही, कारण हे यंत्र घरातल्या कपाटावर दिवसरात्र चालू राहणार आहे.

पाय-होल बसवणे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. आधी राउटरमध्ये लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवावा (मी १९२.१६८.१.५३ घेतला, कारण डीएनएसचे पोर्टही, म्हणजे प्रश्न स्वीकारणाऱ्या दाराचा क्रमांकही, ५३ आहे आणि लक्षात राहते), मग इन्स्टॉलर चालवावा आणि व्यवस्थापनाच्या पानाचा पासवर्ड बदलावा. डेबियनच्या साध्या मांडणीत अडचण येत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर मात्र सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही नावे शोधणारी सेवा आधीपासून १२७.०.०.५३ या पत्त्यावर पोर्ट ५३ अडवून बसलेली असते. डॉकरमधून (वेगळ्या बंदिस्त कप्प्यातून) पाय-होल चालवणाऱ्यांना किंवा त्याऐवजी तेच काम करणारे अॅडगार्ड होम बसवणाऱ्यांना ‘पत्ता आधीच वापरात आहे’ ही चूक दिसते ती यामुळेच. त्या सेवेच्या फाइलमध्ये ‘डीएनएसस्टबलिसनर’ याची किंमत ‘नो’ करून सेवा पुन्हा सुरू करावी आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फचा दुवा खऱ्या फाइलकडे वळवावा. हे दुसरे पाऊल विसरले, तर त्या यंत्राचे स्वतःचेच नेट बंद पडू शकते.

यानंतर राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीमध्ये) डीएनएस म्हणून लॅपटॉपचा पत्ता द्यायचा. शेजारी दुसऱ्या डीएनएसचा रकाना रिकामा दिसतो आणि ‘राखीव म्हणून असू दे’ असे म्हणत आपण तिथे ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता लिहितो. मीही लिहिले होते. उपकरणे त्याला राखीव मानत नाहीत. मनाला येईल तेव्हा दोघांपैकी कोणालाही विचारतात आणि मग जाहिराती कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. रकाना रिकामा तरी ठेवावा, नाहीतर तिथे दुसऱ्या पाय-होलचा पत्ता द्यावा. काही राउटर हा पर्यायच देत नाहीत. तेव्हा राउटरचे डीएचसीपी बंद करून पाय-होलचे सुरू करावे, पण दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

आता माझे दोन रविवार कुठे गेले ते सांगतो. पाय-होलच्या पानावर सगळे सुरळीत दिसत होते, माझ्या संगणकावर जाहिराती गेल्या होत्या आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या बाबांच्या फोनवर त्या जशाच्या तशा होत्या. शेवटी त्यांच्या फोनच्या वायफायचा तपशील उघडून नीट पाहिला. तिथे डीएनएसचे दोन पत्ते होते : एक माझा आणि दुसरा ‘एफई८०’ने सुरू होणारा, म्हणजे राउटर स्वतः. नेट देणाऱ्या कंपनीचा राउटर आयपीव्ही६च्या (पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या) घोषणेबरोबर स्वतःचा डीएनएस पत्ताही घरभर वाटत होता आणि फोन त्यालाच प्रश्न विचारत होता. अँड्रॉइड आयपीव्ही६चा डीएनएस पत्ता डीएचसीपीव्ही६मधून घेत नाही, त्यासाठी तो फक्त ही घोषणा ऐकतो. म्हणून तिकडे केलेले बदल फोनपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्या राउटरमध्ये ही घोषणा बदलण्याची सोयच नव्हती. मी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारा एक जुना राउटर विकत घेतला, कंपनीच्या डब्याच्या मागे जोडला आणि घरातली सगळी उपकरणे त्यावर आणली. कंपनीकडून मिळणारे आयपीव्ही६ पत्ते अधूनमधून बदलतात, म्हणून लॅपटॉपला ‘एफडी’ने सुरू होणारा घरगुती पत्ता दिला आणि घोषणेत तोच घातला. ज्यांना दुसरा राउटर घ्यायचा नाही त्यांनी, शक्य असल्यास, घरच्या जाळ्यापुरते आयपीव्ही६ बंद करावे. मला स्वतःला तो उपाय आवडत नाही, परंतु तो चालतो.

सर्व्हरच्या पानावर ‘किती अडवले’ हे पाहून समाधान मानू नका. घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या वायफायच्या तपशिलात जाऊन तिथे कोणते पत्ते लिहिले आहेत ते एकदा स्वतः वाचा.

मोगरा

वाचनखूण साठवली. आमच्याकडे अहोंनी दोन महिन्यांपूर्वी हेच बसवले. तेव्हापासून गूगलवर काही शोधले की वरचे पहिले दोन-तीन दुवे उघडत नाहीत. सासूबाईंना नेमके तेच दुवे दाबायची सवय आहे, त्यामुळे ‘नेट बंद आहे’ ही तक्रार दिवसातून चारदा येते. त्या बंद करायला सांगतात आणि अहो ऐकत नाहीत. यावर मार्ग आहे का?

कृष्णाकाठ

आहे. ते वरचे दुवे प्रायोजित असतात आणि ते दुकानाच्या पानावर थेट न जाता गूगलच्या जाहिरात-सर्व्हरवरून जातात. ते नाव यादीत असल्यामुळे वाट मधेच तुटते. पाय-होलमध्ये गट करता येतात. सासूबाईंच्या फोनसाठी वेगळा गट करून त्याला ते एक नाव मोकळे करून द्यावे. बाकीच्या घराला त्याने काही फरक पडत नाही. मात्र त्या फोनमध्ये घरच्या वायफायसाठी यादृच्छिक मॅक पत्त्याचा (फोनची खरी ओळख लपवणारा) पर्याय बंद करावा, म्हणजे सर्व्हरला फोन ओळखता येईल.

माझे मत विचाराल तर त्यांची तक्रार रास्त आहे. घरातल्या माणसाची अडचण होत असेल, तर सर्व्हर चालवणाऱ्याने त्याच दिवशी ती सोडवली पाहिजे. आपण एका माणसाच्या हौसेसाठी सगळ्या घराच्या वाटेत उभे राहिलो आहोत, हे विसरता कामा नये. मी सुरुवातीला हौसेने पंधरा-वीस याद्या जोडल्या होत्या आणि बँकेचे पान, गॅसची नोंदणी, आईची भजनांची अॅपे असे एकेक बंद पडत गेले. आता इन्स्टॉलरबरोबर येणारी स्टीव्हन ब्लॅक यांची यादी आणि आणखी एकच यादी आहे. रविवारी पहाटे त्या आपोआप नव्या होतात. चार जाहिराती जास्त दिसल्या तरी चालतील, पण बँकेचे पान अडता कामा नये.

सड्यावरचा

माझा अनुभव सांगतो, कारण त्याने मला एक पूर्ण रात्र जागवले. पुण्यातल्या घरी रास्पबेरी पाय ४ आहे, त्यावर पाय-होल आणि त्याच्या मागे अनबाउंड, म्हणजे नावांचे पत्ते स्वतः शोधणारी प्रणाली. गणपतीला बारा दिवस गावी गेलो आणि जाताना मेन स्विच बंद केला. परत येऊन स्विच लावला तर एकाही उपकरणावर एकही पान उघडेना. सर्व्हर चालू, तारा नीट, राउटरचे दिवे हिरवे. अनबाउंडला काहीही विचारले की उत्तर एकच, ‘सर्व्हफेल’, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आले नाही.

पहाटे अडीचच्या सुमारास सहज तारीख पाहिली, तर पाय अजून बारा दिवस मागेच होता. या पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. बंद होताना जी वेळ साठवली गेली तिथूनच तो पुढे मोजू लागतो. उत्तर खरे आहे हे पटवणाऱ्या डीएनएसमधल्या सह्यांना ‘या क्षणापासून या क्षणापर्यंत’ अशी मुदत असते. पायच्या दृष्टीने त्या सह्या अजून सुरूच झाल्या नव्हत्या, म्हणून अनबाउंड प्रत्येक उत्तर खोटे ठरवत होता. घड्याळ लावण्यासाठी वेळेच्या सर्व्हरचे नाव विचारावे लागते, आणि ते नाव सांगणारा अनबाउंड घड्याळ चुकीचे असल्यामुळे उत्तर देत नव्हता. हाताने तारीख घातली आणि पुढच्या क्षणी सगळे सुरू झाले.

कायमचा उपाय म्हणून डीएस३२३१ हे छोटे घड्याळ पायला जोडले आहे. त्याशिवाय वेळेच्या सर्व्हरच्या नावापुरती सही तपासू नये, अशी सूचना अनबाउंडमध्ये लिहून ठेवली आहे.

कृष्णाकाठ

हे फार मोलाचे आहे. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर घड्याळाची बटण-बॅटरी असते म्हणून मला हे कधी जाणवले नाही. पण जुन्या लॅपटॉपमध्ये तीही संपलेली असू शकते. माझी आजच तपासतो.

चंद्रमौळी

अनबाउंडविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण ‘अनबाउंड बसवले की नेट देणाऱ्या कंपनीला काही कळत नाही’ असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले दिसते. एनएलनेट लॅब्जचे अनबाउंड कोणा मध्यस्थाला न विचारता स्वतः मूळ सर्व्हरांपासून सुरुवात करते. ए ते एम अशा तेरा नावांच्या मूळ सर्व्हरांपैकी एकाला ते ‘डॉट इन कोणाकडे आहे’ असे विचारते, तिथून पुढच्याला आणि शेवटी त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या सर्व्हरला. आपल्या प्रश्नांची सगळी नोंद एका मोठ्या कंपनीकडे जमा होत नाही, हा त्याचा खरा लाभ. परंतु हे प्रश्न पोर्ट ५३ वरून उघड्या पोस्टकार्डासारखे जातात आणि वाटेतला कोणीही ते वाचू शकतो.

कंपनीपासून झाकायचे असेल, तर अनबाउंडलाच पोर्ट ८५३ वरून कूटबद्ध मार्गाने क्वाड९ किंवा क्लाउडफ्लेअर अशा सेवेकडे प्रश्न पाठवायला सांगता येते. मग मात्र त्या सेवेवर विश्वास टाकावा लागतो. पाय-होल स्वतः असे कूटबद्ध प्रश्न पाठवत नाही, अॅडगार्ड होम पाठवते. कोणावर विश्वास टाकायचा हे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. मी स्वतः अनबाउंड थेट वापरतो, कारण मला एका ठिकाणी साठणाऱ्या नोंदींची चिंता जास्त वाटते.

अक्षरवेल

मी एक लहानसे मराठी पाककृतींचे संकेतस्थळ चालवते. सर्व्हरचे भाडे जाहिरातींच्या पैशातून निघते, म्हणून हा धागा वाचताना जीव थोडा खालीवर झाला. पडदाभर येणाऱ्या फसव्या जाहिरातींचा मलाही तिटकारा आहे, पण साध्या जाहिराती दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांचे काय? निदान आवडत्या संकेतस्थळांना तरी लोकांनी सूट द्यावी.

कृष्णाकाठ

आपली चिंता खरी आहे आणि मला तिचे सोपे उत्तर देता येत नाही, कारण इथे तांत्रिक अडचणच आहे. डीएनएसला फक्त नाव दिसते. जाहिरात-जाळ्याचे नाव विचारले गेले तेव्हा वाचक आपल्या पाककृतीच्या पानावर होता की त्या विषाणूवाल्या फसव्या पानावर, हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही. ब्राउझरमधले युब्लॉक ओरिजिन हे जोड-साधन पान पाहून सूट देऊ शकते, पाय-होल देऊ शकत नाही. उलट, एखाद्या मसालेवाल्याने आपल्याला थेट दिलेले चित्र आपण आपल्याच संकेतस्थळावर ठेवले, तर ते पाय-होलमधून विनाअडथळा येते. ज्या कारणाने यूट्यूबच्या जाहिराती याने अडत नाहीत, तेच कारण इथे आहे : जाहिरात आणि मजकूर एकाच नावाच्या घरून येतात.

मी ज्या तीन मराठी संकेतस्थळांवर रोज जातो, त्यांना हे बसवल्यावर वर्षाची वर्गणी पाठवली. सगळ्यांनी तेच करावे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

आडवाट

माझा टीव्ही राउटरने दिलेला डीएनएस जुमानतच नाही. पाय-होलच्या नोंदीत त्याचे नावच येत नाही, तरीही मुख्य पानावरच्या जाहिराती आनंदाने येतात.

कृष्णाकाठ

काही उपकरणांत ८.८.८.८ सारखा पत्ता कारखान्यातच पक्का लिहिलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीवर नियम लिहून, घरातून पोर्ट ५३ वर बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न पाय-होलकडे वळवता येतो. टीव्हीला वाटते की गूगलने उत्तर दिले. नियमातून पाय-होलचा स्वतःचा पत्ता वगळायला विसरू नका, नाहीतर त्याचे बाहेर जाणारे प्रश्न त्याच्याकडेच परत येत राहतात.

कूटबद्ध प्रश्न असे वळवता येत नाहीत. अँड्रॉइडमध्ये ‘खासगी डीएनएस’ या पर्यायात कोणाचे नाव लिहिलेले असेल, तर तो फोन सहसा पोर्ट ८५३ वरून परस्पर विचारतो. ते पोर्ट राउटरवर अडवता येते. एचटीटीपीएसमधून जाणारे प्रश्न पोर्ट ४४३ वर साध्या वेबपानांसारखेच दिसतात, तिथे डीएनएसचा हा उपाय संपतो. फायरफॉक्सने यासाठी एक खुणेचे नाव ठरवले आहे : त्या नावाला घरच्या सर्व्हरने ‘अस्तित्वात नाही’ असे उत्तर दिले, तर तो आपणहून सुरू केलेले कूटबद्ध डीएनएस बंद ठेवतो. पाय-होल हे उत्तर आपोआप देते.

जाता जाता एक विनंती. घराबाहेरही जाहिराती अडाव्यात म्हणून राउटरवर पोर्ट ५३ बाहेरच्या जगाला उघडे करू नका. असे उघडे सर्व्हर शोधून त्यांच्यामार्फत तिसऱ्यावर हल्ले केले जातात. बाहेरून वापरायचे असेल तर वायरगार्ड (घरच्या जाळ्यापर्यंतचा कूटबद्ध मार्ग) वापरावे.

मोगरा

गट केला, दुवे उघडू लागले, सासूबाई खूश आहेत. पण ते करताना अहोंनी मला ते नोंदींचे पान पहिल्यांदाच दाखवले आणि मी गप्प झाले. मी रात्री एक वाजता कोणते संकेतस्थळ उघडले, हे त्यात माझ्या फोनच्या नावासकट होते. काही वाईट नव्हते त्यात, एका आजाराची माहिती शोधत होते आणि घरात कोणाला सांगितले नव्हते. दोन महिने हे सगळे लिहिले जात आहे याची मला कल्पनाच नव्हती.

कृष्णाकाठ

हे तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात हे सर्वांत आधी यायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले.

पाय-होलच्या मांडणीत गोपनीयतेच्या पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सगळे लिहिले जाते, एक म्हणजे संकेतस्थळांची नावे लपतात, दोन म्हणजे उपकरणेही लपतात आणि तीनवर फक्त एकूण आकडे उरतात. नोंदी किती दिवस ठेवायच्या तेही ठरवता येते. आमच्याकडे मी आता तिसरी पायरी लावली, जुनी नोंद पुसून टाकली आणि आई, बाबा आणि धाकट्या बहिणीला समोर बसवून आधी काय दिसत होते आणि आता काय दिसते ते दाखवले. काही बिघडले आणि शोध घ्यायचा झाला, तर ज्याच्या फोनचा प्रश्न आहे त्याला विचारून दहा मिनिटांपुरती पायरी खाली आणतो आणि पुन्हा वर करतो. त्याने दुरुस्तीला थोडा वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा.

सड्यावरचा

मीही आज तिसऱ्या पायरीवर गेलो. बायकोला विचारले, तर तिलाही माहीत नव्हते.

आडवाट

टीव्ही सरळ झाला, नियम लागू पडला. शेवटचा प्रश्न : तुम्ही गावाला गेलात आणि लॅपटॉप बंद पडला, तर घरच्यांनी काय करायचे?

कृष्णाकाठ

राउटरच्या शेजारी भिंतीवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला आहे. मी सांगत गेलो आणि त्यांना समजेल तसे त्यांनी लिहिले : ‘नेट गेले तर प्रथम कपाटावरच्या लॅपटॉपचा हिरवा दिवा पाहावा. दिवा नसेल तर बटण एकदा दाबून पाच मिनिटे थांबावे. तरीही न आल्यास पांढऱ्या राउटरची पिवळी तार काढावी, वायफायमध्ये कंपनीच्या डब्याचे नाव निवडावे, पासवर्ड मागे लिहिला आहे. जाहिराती दिसतील. बटणे दाबू नयेत.’